प्लेट उलटी करायचा दिवस

अमावस्येला क्रशर बंद.
विट्याच्या अलीकडच्या माळावर एवढी शांतता
की बेल्टाखाली होला घुमतो ते ऐकू येतं,
आणि माझ्या उजव्या कानातली कायमची शिट्टी.

जबड्यात मी कमरेपर्यंत उतरतो.
पुढ्यात मँगनीजचे दात,
खालचे झिजून गुळगुळीत, वरचे अजून करकरीत,
कारण दगड वर नुसता सापडतो,
मरतो तो खाली, फटीच्या तोंडाशी.
म्हणून प्लेट उलटी करायची,
पायाकडचं डोक्याकडं.
अजून चार महिने निघतात.
मालकाच्या हिशेबानं सहा.

बोल्ट गंजलेला. पान्यावर पाइप,
पाइपावर मी आणि बिराप्पा, दोघं लोंबकळतो.
हलत नाही.
डिझेल ओतून बिडी प्यायला लांब जाऊन बसतो.

माझा बा, दुर्गाप्पा,
फोडायच्या आधी दगडाला विचारायचा.
हातोडीचा एक टोला, मान तिरपी.
खणखणला तर पाट्याचा,
बद्द वाजला तर पायाचा.
शीर डोळ्याला दिसायच्या आधी
त्याच्या कानाला लागायची.
इथं डंपर पाठ उचलतो
आणि पाट्याचा, पायाचा, सगळा एकाच फटीत.
दोन नंबर, एक नंबर, ग्रिट, डस्ट,
आणि शेवटच्या ड्रममधी
दगडावर दगड आपटून केलेली वाळू,
धुतलेली, पावतीवर ब्रासच्या भावात.

मागच्या आठवड्यात नबीलाल गवंडी आला,
गलाईवाल्यांचे तिमजली बंगले बांधणारा.
वाळू मुठीत घेतली, कानाशी नेऊन चोळली.
"येरळेची वाळू कुजबुजायची," म्हणाला,
"ही भांडती.
आन् शिंपला एकबी न्हाई हिच्यात.
पोरं ढिगावर चढून काय हुडकायची?"
मी म्हणालो, चाळणी बदलून बघू.
माझ्याकडं बघत राहिला जरा वेळ.
मग दोन ब्रास भरून घेऊन गेला,
उधारीवर.

तिसऱ्या प्रहरी बोल्ट सुटला, एकाएकी,
बिराप्पाचं ढोपर फुटलं.
प्लेट चेनब्लॉकवर तरंगली, फिरली, बसली.
वेज ठोकली. पट्टा चढवला.
फ्लायव्हीलनं आधी नको म्हटलं, मग एक वळण, मग धरलं.

बेअरिंगच्या घरावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक,
मूठ डाव्या कानाशी,
मान तिरपी.
आत, लांब, कुणीतरी जोंधळा पाखडल्यासारखं.
"काय म्हणतंय?" बिराप्पा ओरडतो.
ग्रीस मागतंय.

नारळ फोडला गार्डवर.
एक भकल उडून जबड्यात पडलं,
रिकामी फट त्याला चावत राहिली,
आणि बेल्टावरून पांढरं काहीतरी
एक नंबरच्या ढिगाकडं निघालं.

होला तिकडंच चालत गेला.