मापं

जूनच्या आधीचे वीस दिवस माझं मशीन थांबत नाही.
डाव्या हाताला नगरपालिकेच्या शाळा नंबर तीनचं कापड,
बचतगटाला मिळालेला ताका, जरा खरखरीत.
उजव्या हाताला टेकडीवरच्या इंग्रजी शाळेचे ब्लेझर.
शिवायचे मी, विकायचे त्यांच्या ठरलेल्या दुकानाने.
खिशावरचा सिंह सुरतेहून तयार होऊन येतो.

एरंडोलात मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघतो
आणि मी ब्लेझरला अस्तर लावत बसते.

बाया ब्लाउजचं माप देता देता विचारतात,
"तुझ्याकडे दोन्हीकडची पोरं येतात, तूच सांग."
मी तोंडात टाचण्या धरते.
टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

पण दिसायचं ते दिसतंच.
नंबर तीनची चड्डी येते ती गुडघ्याशी, बुडाशी फाटून,
खिशात चिंचोके, खडूचा तुकडा,
एकदा तर जिवंत गोगलगाय.
ब्लेझर येतो तो पोरगं वाढलं म्हणून, कापड जसंच्या तसं.
त्याच्या खिशात एकदा कागद निघाला:
आय विल नॉट टॉक इन मराठी,
वीस वेळा.
अक्षर मात्र सुरेख. खोटं कशाला बोलू?
नंबर तीनचा चौथीतला भावेश माझ्या पावतीवर
'शिलाई' लिहिताना पहिली वेलांटी की दुसरी, तिथेच अडला होता.

टेकडीवरून मला यादी आली होती:
चोवीसचे चाळीस, सव्वीसचे पंचावन्न.
पोरं मी पाहिलीच नाहीत.
नंबर तीनमध्ये टेप घेऊन गेले तर
बाविस्कर मॅडम एका खोलीत दोन वर्ग सांभाळत होत्या,
वर मतदारयाद्यांचा गठ्ठा टेबलावर.
म्हणाल्या, "याच्या कमरेला दोन बोटं सैल ठेवा,
आत्ता आजारातून उठलाय, भरेल."

घरी ह्यांनी लाइट बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला.
फी, गाडी, पुस्तकं, बूट दोन जोड, स्नेहसंमेलन.
बेरीज झाल्यावर कागद उलटा केला
तर बिलही भरायचं राहिलेलं.
सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या,
"पोरले इंग्रजीमाच टाक वं, नही ते लोके हासतीन."
त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नाहीत.
लोक हसतात कसे, ते मात्र त्यांना पाठ आहे.

भाविकाचं माप मी रात्री घेतलं.
ती ताठ उभी राहिली, श्वास रोखून,
जसं काही मापातच पास-नापास असतं.
"मम्मी, सिंह चावतो का?"
"कापडाचा आहे गं."
"मग कशाला लावतात?"

टाकलं तिला टेकडीवर.
का, ते नीट सांगता येणार नाही.
सगळं बघून, सगळं माहीत असून टाकलं.
पहिला हप्ता बचतगटाच्या कर्जातून गेला,
म्हणजे नंबर तीनचे गणवेश शिवूनच फिटायचा.

मॅडम शर्ट न्यायला आल्या तेव्हा मी खाली मान घालून
काजं करत राहिले, होती ती पुन्हा करत राहिले.
त्यांना कळलं होतं. एरंडोल केवढंसं आहे.
थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या,
"माझा अथर्वही तिथेच आहे, तिसरीत."
मग दोघी जणी काहीच बोललो नाही.
पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता.

त्यांनी शर्ट मोजले. सत्तेचाळीस.
गेल्या वर्षी एकसष्ट होते.
पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबल्या.
"एक जास्तीचा शिवाल का? लहान मापाचा."
"कोणासाठी?"
"माहीत नाही.
जुलैत कुणीतरी येतंच."