हात पोचत नाही तिथं

हापसालूची खाडी गोठली की
हेल्दुर दुकानात येतो, बुटांवरचा बर्फ दारातच झटकून.
काउंटरवर मांडतो इसबाची स्टेरॉइडची ट्यूब
आणि छातीतल्या जळजळीच्या गोळ्या.
"ही दोघं आत गेल्यावर भांडणार नाहीत ना?"

मी स्क्रीन बघते. तशी काही नोंद नाही.
"मलम कातडीवरच राहतं, आत फारसं उतरत नाही.
गोळी न्याहारीच्या आधी अर्धा तास.
थर पातळ लावा. महिनोन्महिने नको."

तो मान हलवतो. जात नाही.
मागच्या महिन्यातही त्यानं हेच विचारलं होतं,
मीही हेच सांगितलं होतं.

मग हातमोजा काढून
खांद्यावरून बोटं मागे नेऊन दाखवतो.
दोन फऱ्यांच्या मधे, वीतभर खाली.
पोचत नाहीत.
"तिथं साल्मे लावायची.
आता उलथन्यानं भिंतीला फासतो
आणि पाठ घासतो. अर्धं भिंतच खाते."

रांगेत कुणी नाही.
मी काउंटरची फळी उचलते, त्याला आत घेते,
नळ सोडते.
गरम पाणी यायला
आज फार वेळ लागतोय.