पिठाचा हात

चौदा वर्षं कणीक तोडतोय मी.
काट्यावर न ठेवता सांगतो :
हा गोळा साठ ग्रॅमचा, हा पासष्टचा.
पण नर्स सोराइदाने माझ्या शर्टाच्या आत
तिला सरकवलं, म्हणाली, "धरा, मोडत नाही ती",
तेव्हा हाताने काहीच सांगितलं नाही.
कागदावर होतं : एक हजार सहाशे चाळीस.
आणि नाव, एस्तेफानिया,
जे पाळण्याच्या पाटीवर
तिच्यापेक्षा लांब पडलं होतं.

बोगोतात हवा विरळ. आम्हाला जाणवत नाही, आम्ही इथलेच.
तिला जाणवली.
म्हणून नाकाशी नळी, म्हणून सिलिंडर,
जो खांद्यावर घेऊन फाब्यान
आमच्या टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढला,
दारात टेकवून म्हणाला, पाणी द्या,
आणि मग हळूच : कुठे आहे?
मी शर्टाचं एक बटण काढलं.
त्याने टोपी काढली.

घरात आता ज्योतीला बंदी.
सासूबाईंची मेणबत्ती अंगणात गेली, धुण्याच्या दगडावर.
"कार्मेनच्या माउलीला साबणाशेजारी बसवलं,"
त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

कॉफीच्या देशात जन्मली म्हणून की काय
डॉक्टरांनी कॅफीनचे थेंब दिलेत,
श्वास घ्यायचा विसरू नये म्हणून.
नुबिया म्हणाली, बापावर गेली,
कपाशिवाय हलत नाही.
हसली नाही म्हणताना. पण म्हणाली तरी.

तिथे यंत्र होतं. हिरवी रेघ, शेजारी आकडा,
आकडा घसरला की कोकलायचं.
चौसष्ट दिवस मी त्या यंत्राला शिव्या घातल्या.
आता रात्री तीनला, खुर्चीत,
धड बसलेला नाही, धड आडवा नाही,
छातीशी फडक्याने बांधलेली ती,
आणि मला त्या कोकलण्याची आठवण येते.
इथे कोण ओरडणार?
माझी हनुवटी तिच्या टोपीवर, खाली टाळू उडते आहे,
मी मोजतो. अठ्ठावीस, एकोणतीस,

थांबली.

तळव्याला बोट लावतो.
लावतो.
सिलिंडर आपला फुसफुसतोय, त्याला काय.
लावतो

घेतला.
रागावल्यासारखा, ओठ चोखत, घेतला.

तळहाताच्या फोडासारखं जपा म्हणतात.
माझ्या तळहातावर भट्टीचे सहा-सात फोड आहेत.
मी त्यांची कधी विचारपूसही केली नाही.

नुबियाने तिथे बसून दोन टोप्या विणल्या होत्या.
दुसरी पलीकडच्या पेटीतल्या मुलासाठी, पिवळी.
त्याच्या पाटीवर फक्त आडनाव होतं, किरोगा.
एका सकाळी बाई ती पेटी आतून पुसत होती,
कोपरे, मग काच, मग पुन्हा कोपरे.
पिवळी टोपी आमच्या खणात आहे.
लंगोट काढताना हात लागतो,
आणि आम्ही दोघंही खण जरा घाईनेच लावतो.

कणकेचं बरं असतं.
ओलं फडकं घालून सोडून देता येतं,
ती आपली फुगते.

गुरुवारी वजन. बावीस ग्रॅम वाढली.
बावीस म्हणजे काय, अर्धा गोळासुद्धा नाही,
इतकं तर माझ्या नखांत राहतं.
नुबियाने कॅलेंडरवर लिहिलं, खोडलं,
नर्सला फोन करून विचारलं, परत लिहिलं.

मालकाने माझी तीनची पाळी पाचवर आणली आहे.
पावणेपाचला नुबिया उठते, केस मागे बांधते.
अंधारातच अदलाबदल :
आधी नळी, मग डोकं, मग बाकीची एवढीशी ती.
शर्ट पुढून गार पडतो.

पायऱ्या उतरताना हात छातीवरच राहतो माझा,
खाली काही नसताना, वाटीसारखा.
वळणावर दोन्या ओबदुलिया झाडू थांबवून विचारते,
काय रे, दुखतंय का तिथे?