पाठवण्याचे कारण

फाट्यावरच्या माझ्या दुकानात
एक खुर्ची, एक प्रिंटर, अंगठ्याचा ठसा घ्यायचं यंत्र.
दर महिन्याच्या सात तारखेला कौतुका वलथरे
तलावावरून थेट येते,
हाताला झिंग्यांचा वास,
आणि जाळं ओढून बोटं इतकी झिजलेली
की यंत्र तिला तीनदा नाकारतं.
चौथ्यांदा ती अंगठा पदराला पुसते, यंत्राला म्हणते,
"मीच होय ना बापा, दुसरं कोन येन?"

दोन वर्षं सात तारीख चुकली नाही.
मस्कतहून अठरा हजार, कधी सोळा,
एका दिवाळीला एकवीस.
पावतीवर छापून यायचं :
पाठवणारा भोजराज. संबंध मुलगा.
पाठवण्याचे कारण कुटुंबनिर्वाह.
शेवटची ओळ ती माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची
आणि पावती पानाच्या चंचीत, सुपारीच्या खणात.

मार्चात अकरा आले.
एप्रिलात सहा, तेही बावीस तारखेला.
मे महिन्यात यंत्राने अंगठा पहिल्याच वेळी ओळखला
आणि दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

तेलाचा भाव पडला म्हणतात, मी सांगितलं.
"मंग चांगलंच झालं ना वं," कौतुका म्हणाली,
"काल पिशवीले दीडशे दिले मी."
आता तिला काय सांगू, ते तेल वेगळं.
प्रफुल नान्हे परवाच परत आला, त्याने मला सांगितलं :
एकोणिसाव्या मजल्यावर बांधलेली परांची तशीच सोडून
चारशे माणसं खाली उतरवली.
क्रेनचा हात हवेत होता तिथेच राहिला.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
कपाटाची किल्ली एका साहेबाकडे,
साहेब आपल्या देशाला निघून गेला.
खानावळीने वही बंद केली.
एका खोलीत बारा जण, नेपाळी, बंगाली, बिहारी, आपला भोजराज,
भाषा वेगवेगळ्या,
पण घरी सांगायचं खोटं
सगळ्यांनी बसून एकच ठरवलेलं :
बँकेची मशीन बिघडली आहे.

इकडे वलथरेंच्या घरी
खाटेखाली टाइल्सचे चौदा खोके, दोन पाखरं छापलेली.
भोजराजने फोनवर रंग पसंत केला होता.
आता तिथे कोंबडी अंडी घालते.
टाइलवाला पैसे मागत नाही,
फक्त येता-जाता घरासमोर गाडी हळू करतो.

जूनमध्ये ती सातला आली नाही. बाराला आली.
लुगड्याच्या गाठीतून नोटा काढल्या, तेवीसशे.
वाळवलेले झिंगे, दोन पायल्या मोहफुलं आणि एक बकरीचं पाठरू,
सगळं त्या गाठीत.
"हे त्याले धाड."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली, जशी तिला वाचता येत असावी.
त्या बाजूला देशांची यादी,
या बाजूला आमचं गाव,
मधे एकच बाण, इकडे येणारा.
म्हटलं, "मावशी, इथून तिकडे जात नाही."

"पोरगा गेला ना इथून," ती म्हणाली.

गिऱ्हाइकं थांबली होती. एकाला आधारची झेरॉक्स हवी होती.
मी बराच वेळ उगाच माऊस हलवत राहिलो.
शेवटी एक गोष्ट होत होती :
त्याच्या तिकडच्या नंबरला रिचार्ज.
चारशे चाळीस रुपये. बाकीचे तिने मोजून परत गाठीत बांधले.

दहा मिनिटांत माझ्याच फोनवर त्याचा फोन.
ती ओरडून बोलते, अंतर मनात धरून.
तलावाचं पाणी सांगितलं, पाठरू विकल्याचं नाही.
मग, "जेवला का?"
"हो."
"काय जेवला?"

प्रिंटर स्वतःशीच एकदा घरघरला.

"मासोळी," तो म्हणाला.
"कोनती?"
"दाडक."

दाडक आमच्या तलावांत मिळते.
समुद्रात ती नसते, हे मलाही माहीत आहे,
आणि माझ्या घरी कुणी जाळं टाकलेलं नाही.

कौतुकाने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.
"काटे पाहून खाजो," म्हणाली.

तिकडे पैसे अजून शिल्लक होते. तो काही तरी बोलत होता.
तिने फोन माझ्या हातात दिला
आणि पावती मागितली.