पडीक, चार एकर

फॉर्मात सतरावा रकाना : हरित क्षेत्र, चौरस मीटर.
अठरावा : पडीक.
तीस वर्षं मी अठराव्यातच लिहीत आलो
चार एकर, कातळ.
माझ्याआधी धामणस्कर होते. त्यांच्या वळणदार अक्षरातही
चार एकर, कातळ. गुरे बसतात.

पूर्णगडच्या खाडीवरचा सडा हा.
खाली माडांची दाटी, वर विद्यापीठाच्या तीन इमारती
आणि करपल्या भाकरीसारखा पसरलेला दगड.
यंदा समिती येणार, म्हणून संचालकांनी ठरवलं :
चाळीस डंपर माती, वर लॉन,
कडेने बाटलीपाम,
मधोमध सिमेंटचा बगळा.
तीन कोटेशनं आली. माझ्याच टेबलावर.

रुक्साना दर्वेश, एम.एस्सी. दुसरं वर्ष,
अर्ज घेऊन आली : डंपर थांबवा.
म्हटलं, बाई गं, मी क्लार्क.
मी फक्त आवक-जावक बघतो.
म्हणाली, मग आवक-जावकच बघायला चला.

गौरी जाऊन चार दिवस झाले होते.
तिने चार खिळे रोवले, सुतळी ताणली,
एक मीटर बाय एक मीटर.
मी गुडघ्यांवर बसलो, चष्मा पुसला.

सीतेची आसवं, निळी, पाण्यात उभी.
गेंद, शर्टाच्या बटणाएवढे.
दवबिंदू : त्याच्या चिकट लाल केसांवर
एक चिलट, अजून हलणारं.
(आवक, मी मनात म्हटलं.)
खळग्यात नखाएवढं बेडूक.
नाव नसलेलं एक गवत, तिच्या वहीत त्याला नुसता आकडा.
एकोणीसपर्यंत मोजलं,
मग माझी कंबर धरली.

आणि हे सगळं चपलेच्या जाडीएवढ्या मातीत.
तीस वर्षं मी याच्यावरून
डबा घेऊन शॉर्टकटने कँटीनला गेलो.

गोताड माळी मागे उभा होता, विळा खांद्याला लावून.
म्हणाला, ‘कातल म्हनताव खरा,
पन आमच्या बावीचा ता झाकान हाय.’
खाली त्याची वाडी. मे महिन्यातही तिथे
टँकर जात नाही, हे मला ठाऊक होतं.
का जात नाही, हे कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री मी सतराव्या रकान्यात लिहिलं :
चार एकर. आषाढ ते आश्विन जागे. उरलेले महिने झोपेत.
सही केली. शिक्का मारला.
हात थोडा थरथरला, ते सांगत नाही.

समिती आली फेब्रुवारीत.
काळा दगड, कडक ऊन, पाहुण्यांचे बूट.
‘कुठंय?’
रुक्सानाने बाटलीतलं पाणी
वाळल्या शेवाळावर ओतलं, म्हणाली, थांबा जरा.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
ते चहाला वळले, आणि दगड हिरवा होत गेला
शिपाई आणि मी, दोघांच्या देखत.

गुण मिळाले नाहीत.
डंपर आले, पण चाळीस नव्हे, नऊ.
फाटकाजवळ लॉन झालं, बगळाही झाला.
एप्रिलपासून लॉन टँकर पितंय
आणि बगळ्याच्या डोक्यावर कोतवाल बसतो,
त्याला तेवढंच.
बाकीचा सडा तसाच आहे, म्हणजे
या वर्षापुरता आहे.

मे अखेरीला मी निवृत्त.
टेबल ताब्यात घ्यायला मयेकरांची मुलगी आली.
फॉर्म आता ऑनलाइन, तिने सांगितलं,
सतराव्यात शब्द चालत नाहीत, फक्त आकडे.
‘आणि काका, हे “झोपेत” म्हणजे काय?’
म्हटलं, सप्टेंबरात दुपारी अर्धी रजा टाक.

चार्जयादी तिने वाचली, मी टिक केली :
किल्ल्या दोन. गोल शिक्का एक.
पंचिंग मशीन, नादुरुस्त.
खिळे चार.
सुतळी, चार मीटर.