किती फूट

एप्रिल. कृष्णेत म्हशीचे गुडघे बुडतील एवढंच पाणी,
तरी सन्मती रोज विचारतो, "आज किती फूट?"
पोळी लाटता लाटता मी सांगते, "बारा."

सव्वासातला रिक्षाचा हॉर्न वाजला, की त्याचं पोट दुखतं.
सोनोग्राफीत काही नाही.
सासरे म्हणतात, नाटकं.
मीही परवा ओरडले, "कसली भीती? कुठंय पाणी?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं.
रंगाचे दोन हात देऊनही
ती रेघ वर येतेच, ओलसर,
अजून त्याच्या डोक्याच्या वीतभर वर.
चार वर्षांचा होता. बोटीत माझ्या कडेवर
एकदाही रडला नाही.
किती शहाणं पोर, म्हणाले होते सगळे.
मीसुद्धा.

आज रिक्षा परत पाठवली.
आयर्विन पुलावर दोघं उभे राहिलो,
त्याचा घामेजला तळहात माझ्या हातात,
खांबावरचे आकडे वाचत खाली, खाली.
"आठ," तो म्हणाला. "तू बारा म्हणायचीस."
"न बघताच म्हणायचे."
बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला.
"उद्या?"
"उद्या परत मोजू."

शाळेच्या वहीत उशिराचं कारण मागितलं.
लिहिलं: नदी बघायला गेलो होतो.
पोटाचं काही लिहिलं नाही.