तिसऱ्या यंत्राचा दात

बॅटलीच्या शेडमध्ये सोळा वर्षं
मी लोकांचे उतरलेले कपडे निवडले.
लोकर इकडे, सुती तिकडे,
डागाळलेलं चिंध्यांत,
आणि उरलेल्याची गाठ, पंचावन्न किलोंची,
वरून निळी प्लॅस्टिकची पट्टी
तिसऱ्या नंबरच्या यंत्रानं आवळलेली.
त्या यंत्राचा एक दात तुटका होता.
डोरीन म्हणायची, बदलून देतील.
डोरीन गेली. दात तसाच.

गाठी जातात कुठं, एकदा विचारलं.
मुकादम म्हणाला, आक्रा.
मी ऐकलं, आग्रा.
पुष्कळ दिवस मनातल्या मनात
ताजमहालाच्या दारात
यॉर्कशरचे ओव्हरकोट वाळत घातले मी.

आज लेक घेऊन आली वेकफिल्डच्या गॅलरीत.
भिंतभर निळं.
लांबून पाणी,
जवळ गेलं की पट्ट्या.
पाटीवर नाव: डेला आग्बेको, केटा, घाना.
खाली बारीक अक्षरात:
गाठी बांधायच्या पट्ट्या, तांब्याची तार.
कोटांचा उल्लेख नाही.
ते कुणी अंगात घातले, कुठले समुद्राकाठी कुजले,
ते भिंतीवर दिसत नाही.
पट्ट्या तेवढ्या परत आल्या,
विमा उतरवून, लाकडी पेट्यांतून.

वडील इचलकरंजीला मागावर होते.
कापड दिसलं की आधी उलटी बाजू बघायची,
त्यांची खोड माझ्यात उतरली.
मान वाकडी करून भिंतीच्या फटीत डोकावले:
चार चार बोटांचे पट्टे, एकाला एक जोडलेले,
ताण कसा एकसारखा धरलेला.
एका जागी मात्र ढिला.
तिथं हात बदलला असणार,
नाहीतर कुणाचं तरी पोर रडत उठलं असेल.

आणि तिथंच, पट्टीवर, चावा.
तीन दात, मोकळी जागा, परत दोन.
शेजारी आणखी एक. वर आणखी.
मोजत गेले. एकेचाळीसनंतर चुकले.
अशी गाठ पडेल, वाटलं नव्हतं.

पहाऱ्यावरचा पोरगा हळूच म्हणाला,
मॅडम, हात लावू नका.
मी म्हटलं, लावून झालाय.
तो हसला, काही न कळता.
लेकीला वाटलं, आईचं इंग्रजी.

परतीच्या बसमध्ये
उजवा अंगठा ठणकायला लागला,
लीव्हर दाबायचा तो.